पीएलसीच्या अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालणाऱ्या डीसी पॉवर सप्लायचे व्होल्टेज लोडसोबत वाढते, ते का?

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वाळूज एमआयडीसीतील तुमच्या कारखान्यात दुचाकीच्या स्टार्टर मोटर तपासण्याचा बेंच आहे. त्यासाठी ३० व्होल्ट, १०० अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय घेतलेला असून तो पीएलसीच्या (प्रोग्रामनुसार यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाच्या) ० ते १० व्होल्टच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवरून दुरून चालवायचा आहे. पीएलसीचे पॅनेल सप्लायपासून २० मीटरवर आहे आणि सप्लायपासून बेंचपर्यंत ३५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर छेदाची) ८ मीटर केबल टाकलेली आहे. समोरच्या नॉबवरून चालवला तर सप्लाय १२ व्होल्ट स्थिर धरतो. पीएलसीवरून चालवला तर बिनलोडवर १२.० व्होल्ट दिसतात, मोटर ६० अँपिअर घेऊ लागली की सप्लायच्याच डिस्प्लेवर १२.७ दिसतात, आणि शेजारच्या कन्व्हेअरची ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) चालू झाली की शेवटचा आकडा नाचू लागतो. कोणी तुम्हाला अर्थिंगचा खड्डा नवा करायला सांगितले आहे, कोणी अ‍ॅनालॉग कार्ड बदलायला, आणि तुम्ही स्वतः प्रोग्राममध्ये करंटनुसार थोडी वजावट करण्याच्या विचारात आहात.

हे तिन्ही उपाय तूर्त बाजूला ठेवावेत असे माझे मत आहे. सप्लाय नॉबवर स्थिर राहतो, याचा अर्थ त्याचा पॉवरचा भाग आणि त्याचे नियंत्रण दोन्ही ठीक आहेत. बिनलोडवर आकडा अचूक येतो, म्हणजे पीएलसीचे कार्ड आणि तुमचे स्केलिंगही ठीक आहे. लोड आला की व्होल्टेज कमी न होता वाढते, ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण केबलमधील घटीमुळे किंवा सप्लाय अपुरा पडल्यामुळे व्होल्टेज नेहमी उतरते. ते चढत असेल तर लोडच्या करंटचा काही अंश सिग्नलच्या वाटेवर शिरला आहे, असे समजून तपास सुरू करावा.

० ते १० व्होल्टचा सिग्नल दोन तारांवरून जातो. सिग्नलच्या तारेकडे सगळ्यांचे लक्ष असते. कॉमनची तार मात्र ‘शून्य’ म्हणून गृहीत धरली जाते. सप्लायला पीएलसीने किती व्होल्ट सोडले ते कळत नाही. त्याच्या स्वतःच्या कनेक्टरवर सिग्नलची पिन आणि कॉमनची पिन यांच्यात जेवढा फरक असतो तेवढाच तो वाचतो. ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाची उंची अंगणातून मोजली, तर ओट्याची उंची त्यात आपोआप मिसळते. इथे पीएलसीचा कॉमन त्या ओट्यावर उभा आहे आणि ओट्याची उंची मोटरच्या करंटनुसार बदलते आहे.

आता हा ओटा तयार कसा झाला ते पाहू. स्टार्टर मोटरची बॉडी हीच तिची निगेटिव्ह असते. मोटर लोखंडी फिक्स्चरमध्ये आवळली, फिक्स्चर बेंचच्या फ्रेमला बोल्टने बसवले आणि फ्रेमला अर्थिंगची पट्टी जोडली, की सप्लायची निगेटिव्ह बेंचपाशी आपोआप अर्थ होते; त्यासाठी कोणी मुद्दाम वायर टाकावी लागत नाही. दुसरीकडे, पॅनेल बांधणारे बहुतेक जण पीएलसीच्या २४ व्होल्ट पुरवठ्याची निगेटिव्ह पॅनेलमध्ये अर्थ करतात, आणि अनेक पीएलसींमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटचा कॉमन याच निगेटिव्हशी जोडलेला असतो. तिसरा दुवा सप्लायच्या आत असतो. आयसोलेशनचे, म्हणजे सिग्नल विद्युतदृष्ट्या अलग ठेवणारे, कार्ड नसलेल्या पुष्कळ सप्लायमध्ये मागील कनेक्टरची कॉमन पिन आतून थेट निगेटिव्ह टर्मिनलशी, तर काहींमध्ये निगेटिव्ह सेन्सच्या (आउटपुटचे व्होल्टेज सप्लायला कळवणाऱ्या तारेच्या) टर्मिनलशी जोडलेली असते. हे तीन दुवे जुळले की बेंचची फ्रेम, अर्थिंगची पट्टी, पॅनेल, कॉमनची बारीक तार आणि सप्लाय असा एक पूर्ण फेरा तयार होतो, आणि तो नेमका मोटरच्या ८ मीटरच्या निगेटिव्ह केबलला समांतर पडतो.

आकडे घालून पाहिले की संशय उरत नाही. ३५ स्क्वेअरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलीओहम धरला, तर ८ मीटरचे ४ मिलीओहम होतात आणि ६० अँपिअरला तिच्या दोन टोकांमध्ये ०.२४ व्होल्टचा फरक पडतो. करंट मोटरकडून सप्लायकडे परतत असल्यामुळे मोटरची बाजू सप्लायच्या निगेटिव्हपेक्षा ०.२४ व्होल्टने वर असते. अर्थिंगमुळे पीएलसीचा कॉमनही जवळपास तेवढाच वर उचलला जातो. १२ व्होल्टसाठी पीएलसी ४.०० व्होल्ट सोडते, पण ते स्वतःच्या उचललेल्या कॉमनवरून मोजून; सप्लायच्या पिनांवर ते ४.२४ दिसतात. तुमच्या सप्लायचे प्रमाण १ व्होल्टला ३ व्होल्ट असे असल्यामुळे आउटपुट १२.७२ होते. तुम्ही लिहिलेला १२.७ चा आकडा त्यापासून फारसा दूर नाही.

यात एक वाईट गोष्ट अशी की हे चक्र स्वतःलाच खतपाणी घालते. व्होल्टेज वाढले की करंट वाढतो, करंट वाढला की कॉमन आणखी उचलला जातो आणि व्होल्टेज पुन्हा थोडे चढते. सध्याच्या केबलच्या रोधावर ही वाढ थोडक्यात थांबते, म्हणून तुम्हाला केवळ पाऊण व्होल्टची चूक दिसते. निगेटिव्ह केबलचा लग (टोकाचा धातूचा जोड) सैल झाला किंवा काळवंडला, तर रोध कित्येक पटींनी वाढतो आणि तीच चूक सप्लायची करंट लिमिट लागेपर्यंत वर चढू शकते. याच कारणासाठी प्रोग्राममधील वजावटीला माझा विरोध आहे: आज बसवलेला गुणक आजच्या लगच्या घट्टपणावर अवलंबून राहील.

याहून मोठा धोका निगेटिव्हची केबल पूर्णपणे सुटण्याचा आहे, कारण चाचणी बेंचवर केबल रोज हलते, वाकते आणि ओढली जाते. ती सुटली तरी मोटर फिरत राहू शकते. करंट फ्रेममधून अर्थिंगला, तिथून पॅनेलला आणि पॅनेलमधून कॉमनच्या अर्ध्या स्क्वेअरच्या तारेने सप्लायच्या मागील कनेक्टरमध्ये परततो. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या अशा सप्लायच्या इंटरफेस कार्डावर एक ठरावीक खूण दिसते. बाकी सगळे घटक शाबूत असतात, फक्त कॉमनच्या पिनेपासून निघणारी तांब्याची बारीक पट्टी उडालेली असते आणि तिच्या दोन्ही कडांना प्लेट तपकिरी झालेली असते. ही खूण दिसली की मी कार्ड बदलण्याआधी ग्राहकाला बेंचवरील लग पाहायला सांगतो.

माझे निदान तुमच्याकडे लागू पडते की नाही, हे तुमच्या सप्लायच्या आतील जोडणीवर अवलंबून आहे, म्हणून आधी ते तपासा. सप्लाय बंद करून, आउटपुटचे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, मागील कनेक्टर आणि लोडच्या दोन्ही केबल काढा. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून कॉमनची पिन आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात, मग कॉमनची पिन आणि निगेटिव्ह सेन्स यांच्यात पाहा. बीप आला तर सप्लाय आयसोलेटेड नाही. बीप न आल्यास मॅन्युअलमधील जोडणीचे चित्र पाहून ठरवा. त्यानंतर सर्व पूर्ववत जोडून मोटर चालू असताना सप्लायच्या कनेक्टरवर, लक्षात घ्या, पॅनेलमध्ये नव्हे, सिग्नल आणि कॉमन यांच्यातील व्होल्टेज मोजा. पॅनेलमध्ये ४.०० आणि कनेक्टरवर ४.२० च्या वर आले, तर वरचे सगळे विवेचन तुमच्यासाठीच आहे. दोन्हीकडे ४.०० असूनही आउटपुट १२.७ असेल, तर मात्र सप्लायच्या सेन्सच्या तारा तपासाव्या लागतील; त्यातील एखादी सैल असली तरीही आउटपुट वर जाते.

अर्थिंगच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्ड्यातील ओल जाते आणि अर्थचा रोध वाढतो, हे खरेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत खड्ड्यात पाणी सोडण्याची शिस्त सुरक्षिततेसाठी पाळलीच पाहिजे. पण या तक्रारीचा खड्ड्याशी संबंध नाही. फेरा जमिनीतून जात नाही, तो कारखान्यातील तांब्या-लोखंडाच्या पट्ट्यांमधून पूर्ण होतो. बेंच आणि पॅनेल यांच्यातील अर्थिंगची पट्टी जितकी जाड कराल, तितका हा फेरा अधिक पक्का होईल. याचा अर्थ कोणी बेंचच्या फ्रेमची अर्थिंग काढावी असा मुळीच घेऊ नये. त्या फ्रेमवर ४१५ व्होल्टच्या मोटरही बसलेल्या असतात, आणि सिग्नल सुधारण्यासाठी माणसाच्या जिवाची अर्थिंग सोडणे मला मान्य नाही. पॅनेलमधील २४ व्होल्टची निगेटिव्ह अर्थपासून सोडवण्याचा मार्गही काही जण सुचवतात. त्याने आकडा सुधारेल, पण पुढे २४ व्होल्टची एखादी तार कुठे बॉडीला लागली तर ती कळणार नाही, म्हणून तोही मी टाळतो.

माझी पसंती सिग्नल आयसोलेटरला आहे. डीआयएन रेलवर (उपकरणे बसवण्याच्या प्रमाणित पट्टीवर) बसणारा, इनपुट, आउटपुट आणि स्वतःचा २४ व्होल्टचा पुरवठा या तिन्ही बाजू एकमेकींपासून अलग असणारा आयसोलेटर घ्यावा. केवळ इनपुट आणि आउटपुट अलग आहेत, पण २४ व्होल्टची निगेटिव्ह आउटपुटशी जोडलेली आहे, असा घेतला तर फेरा मागच्या दाराने पुन्हा आत येतो. खरेदीच्या वेळी ही एक गोष्ट लेखी विचारून घ्या. तो पॅनेलमध्ये न बसवता सप्लायशेजारी छोट्या डब्यात बसवावा, जेणेकरून त्याच्या आउटपुटपासून सप्लायच्या पिनांपर्यंतची तार अर्ध्या मीटरच्या आत राहील. तुमच्याकडे व्होल्टेज आणि करंट असे दोन्ही सिग्नल जात असतील तर दोन्हींना आयसोलेटर लागेल. एकालाच लावला तर दुसऱ्याच्या कॉमनवरून सगळे पूर्ववत होईल. सप्लायकडून पीएलसीकडे परत येणाऱ्या व्होल्टेज आणि करंटच्या मॉनिटर सिग्नललाही हाच नियम लागू आहे, आणि लोक नेमके तेच विसरतात. उत्पादकाकडे आयसोलेटेड अ‍ॅनालॉग कार्डाचा पर्याय असेल आणि खर्च परवडत असेल, तर ते सर्वांत नीटनेटके काम होईल.

२० मीटरच्या अंतरासाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल वापरावा का, असेही तुम्ही विचारले आहे. वापरावा, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. पीएलसीच्या बाजूने करंट सोडला आणि सप्लायच्या पिनांवर ५०० ओहमचा अचूक रोध लावला, तर २० मिलिअँपिअरला १० व्होल्ट तयार होतात. फेऱ्यातून येणारा करंट कॉमनच्या तारेतून जातो, या रोधातून जात नाही; त्यामुळे आकड्यातील चूक जवळपास नाहीशी होते. पण कॉमनच्या तारेतील फेरा तसाच राहतो, म्हणजे लग सुटल्यावर पट्टी जळण्याचा धोका कायम असतो. शिवाय ४ मिलिअँपिअरला २ व्होल्ट, म्हणजे आउटपुटला ६ व्होल्ट तसेच राहतात, आणि शून्य गाठण्यासाठी ० ते २० मिलिअँपिअरची रेंज निवडावी लागते. म्हणून तारेवर ४ ते २० मिलिअँपिअर आणि सप्लायशेजारी ० ते १० व्होल्ट देणारा आयसोलेटर ही जोडी मला अधिक योग्य वाटते. तार तुटल्यास करंट ४ च्या खाली जातो, हा त्यातील जास्तीचा फायदा आहे.

इथपर्यंतचा मुद्दा थोडक्यात असा: कनेक्टरवर मोजून फेरा आहे हे सिद्ध करा, सर्व अ‍ॅनालॉग सिग्नल सप्लायच्या तोंडाशी अलग करा आणि फ्रेमची अर्थिंग जशी आहे तशी ठेवा. ड्राइव्हमुळे नाचणारा आकडा याने बराचसा शांत होईल. त्यानंतरही काही उरले तर सिग्नलसाठी पीळ घातलेल्या जोडीची शिल्ड केबल घ्या, शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, ड्राइव्ह ते मोटर केबलपासून ती वेगळ्या ट्रेमधून न्या आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. जालन्याच्या पट्ट्यात, जिथे एकाच फीडरवर इंडक्शन फर्नेस चालतात, तिथे एवढ्यानेही भागत नाही आणि पीएलसीच्या पुरवठ्यालाही फिल्टर द्यावा लागतो; वाळूजमध्ये तुम्हाला त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

फेरा तुटल्यावरच कॅलिब्रेशन करा. १२ बिटांच्या आउटपुटची एक पायरी सुमारे २.४ मिलिव्होल्टची, म्हणजे तुमच्या सप्लायवर सुमारे ७ मिलिव्होल्टची होते. स्टार्टर मोटरच्या चाचणीला ती भरपूर आहे. रेंजच्या खालच्या आणि वरच्या टोकाजवळ असे दोन बिंदू घेऊन ऑफसेट आणि गुणक काढावा, आणि तो लोडसह पडताळावा. केबलमधील घट भरून काढण्यासाठी सेन्सच्या तारा मोटरच्या टर्मिनलपर्यंत नेणे ही स्वतंत्र बाब आहे, ती या दुरुस्तीत मिसळू नका. आधी सेन्स सप्लायच्या टर्मिनलवरच जोडून सगळे स्थिर करा, मग त्या बेंचकडे न्या. निगेटिव्ह सेन्सशी कॉमन जोडलेल्या सप्लायमध्ये तर हा क्रम पाळलाच पाहिजे.

तुम्ही शेवटी सहज लिहिले आहे की कधीकधी पीएलसी मोडमध्ये टाकल्यावर आउटपुट अजिबात येत नाही. त्याचे कारण बहुधा साधे आहे. रिमोट मोडमध्ये अनेक सप्लाय व्होल्टेज आणि करंट दोन्हींची आज्ञा मागील कनेक्टरवरून मागतात, आणि करंटची पिन रिकामी राहिली की ते ती शून्य समजतात. शून्य अँपिअरच्या लिमिटवर आउटपुट येणार नाही. करंट समोरच्या नॉबवरच ठेवायचा असेल तर त्यासाठीचा स्विच किंवा जंपर वेगळा असतो. याच्या उलट टोकाला एक धोका आहे. काही सप्लाय बाहेरील पोटेन्शिओमीटरवरूनही चालतात आणि त्यासाठी पिनेतून १ मिलिअँपिअरसारखा ठरावीक करंट स्वतःच सोडतात. त्या मोडमध्ये तार तुटली तर सप्लायला अनंत रोध दिसतो आणि आउटपुट थेट पूर्ण ३० व्होल्टकडे धावते. मोड निवडण्याच्या स्विचवर नजर टाकल्याशिवाय महागडी मोटर लावू नका.

बंद करण्याच्या बाबतीतही अ‍ॅनालॉग सिग्नलवर विसंबू नये. शून्य व्होल्टची आज्ञा दिल्यावर आउटपुटवर थोडे मिलिव्होल्ट राहतात, आणि मोटर फिरत असेल तर तिचा बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होणारे व्होल्टेज) टर्मिनलवर टिकून राहतो. असा सप्लाय करंट देऊ शकतो, ओढून घेऊ शकत नाही, म्हणून मॉनिटरचा आकडा लगेच शून्यावर न येणे हा दोष नव्हे. रोजच्या चालू-बंदसाठी सप्लायचा एनेबल संपर्क (आउटपुट चालू-बंद करणारा) वापरा. आणीबाणीच्या बटणाने मात्र सेफ्टी रिलेमार्फत सप्लायचा एसी पुरवठा तोडला पाहिजे आणि डीसीला योग्य रेटिंगच्या कॉन्टॅक्टरने (मोठा करंट तोडणाऱ्या विद्युत स्विचने) डीसी बाजूही तोडली पाहिजे. एसीसाठी बनवलेला कॉन्टॅक्टर ६० अँपिअर डीसीची ठिणगी विझवेल अशी आशा धरू नये.

राहिला प्रश्न लाईट जाऊन परत येण्याचा, जो आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर रोजचाच होतो. पुरवठा परत आल्यावर सप्लाय आधी जागा होतो आणि पीएलसी काही सेकंद मागे असते. या मधल्या वेळात एनेबलचा संपर्क उघडाच राहील अशी जोडणी करा. पीएलसी स्टॉपमध्ये गेल्यावर अ‍ॅनालॉग आउटपुटने शेवटची किंमत धरून ठेवायची की ठरवून दिलेल्या किमतीवर जायचे, हे बहुतेक पीएलसींमध्ये निवडता येते. इथे शून्य निवडावे. सिमेन्सच्या पीएलसीमध्ये १० व्होल्टसाठी २७६४८ हा आकडा लागतो, पण कार्ड ३२५११ पर्यंत, म्हणजे सुमारे ११.७६ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. म्हणून प्रोग्राममध्येच १३८२४ ची, म्हणजे आउटपुटला १५ व्होल्टची मर्यादा घाला आणि सप्लायचे ओव्हरव्होल्टेज संरक्षण १६ व्होल्टवर लावा. हे संरक्षण प्रोग्रामिंगच्या सिग्नलपासून स्वतंत्रपणे काम करते, त्यामुळे आयसोलेटर येईपर्यंतच्या दिवसांतही ते तुमच्या मोटर वाचवेल. कनेक्टरवरील दोन्ही मोजमापे आणि सप्लायच्या मागील स्विचचा फोटो इथे टाकलात, तर कोणता आयसोलेटर घ्यावा हे मला नेमके सांगता येईल.